मुशीचे शास्त्र आणि जिभेची गाठ

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेले भाषण, स्मरणिकेच्या वाचकांसाठी थोडे वाढवून)





बक्षीस समारंभाच्या दिवशी व्यासपीठावरच्या टेबलाकडे तुम्ही कधी नीट पाहिले आहे काय? कापड अंथरलेले असते आणि त्यावर चषक व ढाली ओळीने मांडलेल्या असतात. एस. एस. सी. ला पहिला आलेल्यासाठी एक, गणितात सर्वांत जास्त गुण मिळविणाऱ्यासाठी एक, किरअतीसाठी एक, धावण्याच्या शर्यतीसाठी एक, वर्षभर एकही दिवस गैरहजर न राहिलेल्यासाठी एक. नाव पुकारले जाते, टाळ्या होतात, मागच्या रांगेत बसलेल्या एखाद्या आईचे डोळे पाणावतात. हे सर्व योग्यच आहे. ह्या ढालींवर मरहूम वडीलधाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. ज्यांना स्वतःला शाळेत जाता आले नाही अशा माणसांच्या नावानेही त्यांच्या मुलांनी बक्षिसे ठेवली आहेत. त्यांची किंमत मी कमी लेखत नाही.

परंतु त्या टेबलावर एक बक्षीस मला आजवर दिसले नाही. एखाद्या मुलाने वा मुलीने स्वतःच्या डोळ्यांनी काही पाहिले, त्यावर विचार केला, ते चार माणसांसमोर उभे राहून स्वतःच्या शब्दांत सांगितले आणि विचारलेल्या प्रश्नांना सरळ उत्तरे दिली, ह्यासाठीचे ते बक्षीस. तुम्ही म्हणाल, वक्तृत्व स्पर्धा आहे की! आहे खरी. पण तिथे बहुधा मास्तरांनी लिहून दिलेले आणि मुलाने पाठ केलेले भाषण असते. अशी कितीतरी भाषणे मीच लिहून दिली आहेत, म्हणून हे अधिकाराने सांगतो.

हे बक्षीस का हवे, हे सांगण्यासाठी मला तुम्हाला बरेच दूर न्यायचे आहे. पण त्याआधी माझ्या स्वतःच्या वर्गातली एक गोष्ट कबूल करणे भाग आहे.

मी बी. ए., बी. एड. झालेला माणूस. माझे विषय मराठी आणि इतिहास. एके दिवशी विज्ञानाचे शिक्षक रजेवर होते म्हणून आठवीच्या वर्गावर मला पाठविण्यात आले. पुस्तक उघडून मी वाचायला सुरुवात केली. प्राण्यांचे वर्गीकरण चालले होते. मी म्हणालो, "मासे अंडी घालतात." मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. मच्छीमार मोहल्ल्यातला. वडिलांबरोबर होडीवर जाणारा, आणि त्यामुळे सकाळच्या पहिल्या तासाला पेंगणारा. तो म्हणाला, "सर, मुशी अंडी नाही घालत. पिल्लं घालते. मी पोट कापताना बघितलंय. पिल्लाला नाळ असते."

वर्ग हसला. मलाही ते खरे वाटले नाही. माशाला नाळ? मी म्हणालो, "पुस्तकात आहे ते लिही. परीक्षेत तेच येणार आहे." तो खाली बसला. त्यानंतर वर्षभरात तो माझ्यासमोर काही सांगण्यासाठी पुन्हा उभा राहिला नाही. पुढच्या जूनमध्ये हजेरीपटात त्याचे नाव नव्हते.

माझ्या एका वाक्यामुळे त्याने शाळा सोडली असे मी म्हणणार नाही. घरची अडचण होती, होडीवर हात कमी पडत होता. पण शाळेत टिकून राहायला माणसाला एखादे कारण लागते, आणि ते कारण त्या दिवशी तो स्वतःहून माझ्यापुढे घेऊन आला होता. मी ते हसण्यावारी नेले.

ही टोचणी मनात राहिली म्हणून मी वाचू लागलो. मुलगा खरे बोलला होता. आपल्या किनाऱ्यावर जी लहान मुशी सर्वांत जास्त सापडते, तिला शास्त्रात स्कोलिओडॉन म्हणतात. तिची पिल्ले आईच्या पोटात वाढतात. सस्तन प्राण्यांप्रमाणे त्यांना वार आणि नाळ असते, आणि ती जिवंत जन्माला येतात. साऱ्याच मुशी अशा नसतात. काही जाती अंडी घालतात, काहींच्या पिल्लांना पोटात असूनही नाळ नसते. परंतु तो ज्या मुशीबद्दल बोलत होता तिच्यापुरते त्याचे म्हणणे अक्षरशः बरोबर होते.

ज्याला आपण मुशी म्हणतो, कुणी मोरी म्हणतो, ती आपल्या घरात नवी नाही. बाळंतिणीला तिचे कालवण देणारी घरे किनाऱ्यावर आहेत. तिच्याच नात्यातले पाकट बाजारात पंखासारखे पसरून ठेवलेले असते. मुशी आणि पाकट ह्यांच्या अंगात हाड नाही, सारा सांगाडा कूर्चेचा, म्हणजे आपल्या कानात असते तशा लवचीक द्रव्याचा असतो. कातडीवरून शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवला तर कानशीसारखी खरखर लागते, कारण तिथे दातांच्याच जातीचे बारीक कण असतात. नाकाडावर बारीक छिद्रे असतात आणि त्यांच्या योगाने दुसऱ्या जिवाच्या शरीरातली अत्यंत सूक्ष्म वीज तिला जाणवते. हे वाचताना मला राहून राहून वाटे की, ह्यातले अर्धे आपल्या मोहल्ल्यातल्या बायकांना हाताने ठाऊक आहे, फक्त कुणी त्यांना विचारलेले नाही.

आणि असे वाचत असतानाच मला एका संस्थेची माहिती मिळाली. तिच्यासाठीच मी तुम्हाला दूर नेणार होतो.

अमेरिकेत १९८३ साली शार्क, पाकट आणि त्यांच्या भाऊबंद माशांचा अभ्यास करणाऱ्या लोकांनी एक संस्था स्थापन केली. तिचे नाव अमेरिकन इलॅस्मोब्रँक सोसायटी. नाव अवघड आहे, अर्थ सोपा आहे. मुशी-पाकटांचा अभ्यास करणाऱ्यांची जमात असे समजा. स्थापनेत पुढाकार सॅम्युअल ग्रूबर ह्या मायामी विद्यापीठातील प्राध्यापकांचा होता. शार्कला नीट दिसत नाही अशी जुनी समजूत होती. ग्रूबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली लेमन शार्क ह्या जातीच्या डोळ्यात, उजेडात पाहण्यासाठी लागणाऱ्या शंकूच्या आकाराच्या पेशी असल्याचे दाखवून दिले. पुढे १९९० साली त्यांनी बहामा बेटांपैकी बिमिनी येथे एक संशोधन केंद्र उभारले. जगभरची तरुण मुले तिथे जाऊन शिकली. २०१९ साली ग्रूबर वारले.

ह्या संस्थेची दर वर्षी परिषद भरते. मासे, बेडूक, साप ह्यांचे अभ्यासक असलेल्या इतर संस्थांच्या सोबत, निरनिराळ्या शहरांत. मोठमोठे प्राध्यापक तेथे येतात. आता लक्ष द्या. ह्या परिषदेत विद्यार्थ्यांसाठी खास पारितोषिके आहेत. आपले संशोधन सर्वांत चांगल्या रीतीने तोंडी मांडणाऱ्या विद्यार्थ्याला मिळते ते ग्रूबर पारितोषिक. आणि एका मोठ्या तक्त्यावर चित्रे, आकडे व थोडा मजकूर मांडून, तक्त्यापाशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगणाऱ्या विद्यार्थ्याला मिळते ते कॅरियर पारितोषिक. जेफ्री कॅरियर हे मिशिगन राज्यातल्या अल्बियन नावाच्या एका लहान महाविद्यालयाचे प्राध्यापक. फ्लोरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगास बेटांपाशी नर्स शार्क ह्या जातीचे मीलन कसे होते ह्याचा त्यांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला. संस्था काढणाऱ्याचे नाव आणि लहान कॉलेजात शिकवणाऱ्याचे नाव, दोन्ही नावे विद्यार्थ्यांच्या बक्षिसांना दिलेली आहेत. मला, एका शाळामास्तराला, ही गोष्ट फार आवडली.

आता हे बक्षीस मिळवायचे कसे? विद्यार्थ्याने प्रथम स्वतः काम केलेले असावे लागते. परिषदेच्या काही महिने आधी त्या कामाचा गोषवारा पाठवावा लागतो. परिषदेत प्रत्येकाला साधारण पंधरा मिनिटे मिळतात, आणि प्रश्नोत्तरेही त्यातच उरकायची असतात. दोन-तीन वर्षे कुणी समुद्रात भिजलेला असतो, कुणी मासळीबाजारात पहाटे उभे राहून पकडीची मापे घेतलेली असतात, कुणी प्रयोगशाळेत डोळे शिणविलेले असतात. ते सारे पंधरा मिनिटांत बसवायचे! संस्थेचे अनुभवी सभासद परीक्षक म्हणून समोर बसतात. काय शोधायला निघालास, कसे शोधलेस, काय सापडले, त्यावरून एवढेच म्हणता येते की अधिक, आणि तुझे बोलणे मागच्या रांगेतल्याला कळले की नाही, ही त्यांची पाहण्याची रीत.

ह्यात आवाज चढवून टाळ्या मिळत नाहीत. प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसेल तर 'हे मी अजून तपासलेले नाही' असे सांगावे लागते आणि त्यात कमीपणा मानला जात नाही. उलट माहीत नसताना रेटून बोलणाराच तिथे उघडा पडतो. आपल्या वर्गात मात्र 'मला माहीत नाही' म्हणणाऱ्याला आपण उभे करून ठेवतो.

ह्या संस्थेची आणखी एक चाल ऐका. परिषदेला जायचे म्हणजे प्रवास, राहणे, जेवण, सारे खर्चाचे काम. विद्यार्थ्याजवळ पैसा कुठला? म्हणून परिषदेच्या काळात एका संध्याकाळी लिलाव भरतो. सभासद आपापल्या परीने वस्तू देतात. शार्कची चित्रे, पुस्तके, खेळणी, गमतीच्या चिजा. मग तेच सभासद हसतखेळत त्यांवर बोली लावतात. जमणारा पैसा विद्यार्थ्यांच्या प्रवासाच्या फंडात जातो. ज्या प्राध्यापकाने सकाळी विद्यार्थ्याला अवघड प्रश्न विचारलेला असतो, तोच रात्री त्याच्या तिकिटासाठी बोली लावतो. जकात, सदका आणि शिष्यवृत्ती फंड ह्यांची परंपरा असलेल्या आपल्या समाजाला ही गोष्ट परकी वाटू नये. आपण फीसाठी देतो, वह्यापुस्तकांसाठी देतो. मुलाने चार लोकांत जाऊन बोलावे म्हणून मात्र आपण अजून काही दिलेले नाही.

ह्या विषयाच्या इतिहासातली एक बाई मला पालकांना, विशेषतः मातांना, सांगावीशी वाटते. युजिनी क्लार्क असे तिचे नाव. जन्म १९२२, मृत्यू २०१५. वडील ती तान्ही असतानाच वारले. आई जपानी वंशाची, न्यूयॉर्कमध्ये वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर काम करणारी. शनिवारी मुलीला ठेवायचे कुठे हा प्रश्न होता, म्हणून ती जवळच्या मत्स्यालयात तिला सोडून कामावर जाई. मुलगी काचेला नाक लावून मासे पाहत बसे. त्याच मुलीने पुढे १९५५ साली फ्लोरिडात एक सागरी प्रयोगशाळा सुरू केली आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस एक गोष्ट सिद्ध केली. शार्क हा बुद्धिहीन जीव समजला जात होता. क्लार्क बाईंनी लेमन शार्कना शिकविले की, पाण्यातल्या फळीला नाकाने ढकलले की घंटा वाजते आणि खायला मिळते. हिवाळ्यात काही आठवडे हा खेळ बंद राहिला. पुन्हा सुरू केला तेव्हा शार्कना तो आठवत होता! आईजवळ मुलीला देण्यासाठी पैसा नव्हता, पाहण्याची जागा होती. एवढी ठेव तर आपल्यापैकी प्रत्येक आई देऊ शकते.

कुणी म्हणेल, ह्या परदेशातल्या गोष्टी झाल्या. तर मग आपल्या देशातल्या दोन सांगतो. वर ज्या स्कोलिओडॉनचे नाव घेतले, त्या आपल्या मुशीवर १९२८ साली लखनौहून एक शास्त्रीय पुस्तक प्रसिद्ध झाले आणि प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा पुढे त्यावर अभ्यास झाला. ते लिहिणाऱ्या ई. एम. थिल्लयंपलम ह्या लखनौच्या इझाबेला थोबर्न कॉलेजात प्राध्यापिका होत्या. बाईने मुशी चिरावी एवढेच तिचे काम नाही, चिरताना जे दिसले ते तिने लिहावे हेही तिचे काम आहे, हे ह्या देशात जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी ठरून गेलेले आहे.

दुसरी गोष्ट मुंबईची. १९०८ च्या सुमारास सालिम अली नावाच्या एका मुलाने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. अशी चिमणी त्याने कधी पाहिली नव्हती. घरातल्या मामांनी, अमिरुद्दीन तय्यबजींनी, चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठविले. तिथले सचिव मिलर्ड हे इंग्रज गृहस्थ. काळ इंग्रजी राज्याचा. मुलगा भीत भीत आत गेला. मिलर्डसाहेबांनी त्याला हाकलले नाही. चिमणीचे नाव सांगितले, आणि जपून ठेवलेल्या पक्ष्यांचे कप्पे उघडून दाखविले. तोच मुलगा पुढे पक्ष्यांचा जगविख्यात अभ्यासक झाला. ह्याच किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या किहीमला, १९३० साली त्यांनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचे निरीक्षण केले आणि नराची वागणूक उलगडून दाखविली. विचार करा, मिलर्डसाहेब त्या दिवशी 'पुस्तकात आहे ते लिही' असे म्हणाले असते तर? मला तर ती गोष्ट वाचताना मागच्या बाकावरचा तो मुलगाच दिसत होता. सालिमच्या हातात चिमणी होती, ह्याच्या हातात मुशी. फरक दाराआड बसलेल्या माणसात होता.

अल्पसंख्य समाजातल्या मुलांना आणखी एक अडचण असते. खोलीत शिरावे तर आपल्यासारखे दुसरे कुणी दिसत नाही, आणि मग जीभ टाळ्याला चिकटते. शार्कच्या अभ्यासातही हेच होते. २०२० साली अमेरिकेतल्या चार कृष्णवर्णीय तरुणी, जॅस्मिन ग्रॅहम, अमानी वेबर-शुल्ट्झ, कार्ली जॅक्सन आणि जेडा एल्कॉक, एकमेकींना भेटल्या. तोवर प्रत्येकीला वाटत होते की, ह्या क्षेत्रात आपण एकटीच आहोत. त्यांनी रडगाणे गायिले नाही. आपल्यामागून येणाऱ्या मुलींना एकटे वाटू नये म्हणून त्यांनी 'मायनॉरिटीज इन शार्क सायन्सेस' ही संस्था काढली, देणग्या गोळा केल्या आणि मुलींना पदरचा पैसा न घालता बोटीवर जाऊन शार्कचा अभ्यास शिकता येईल अशी सोय केली. आम्हाला संधी नाही, ही तक्रार खरी असते. पण संधी नसेल तर ती निर्माण करण्यासाठीच आपल्या वडिलांनी ही शिक्षणसंस्था काढली, हे विसरून चालणार नाही.

आता तुम्ही विचाराल, मुशीचा अभ्यास करून कुणाचे पोट भरणार? प्रश्न रास्त आहे. २०२१ साली जगातल्या शार्क, पाकट आणि त्यांच्या जातभाईंच्या १,१९९ जातींचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यातल्या एक तृतीयांश जाती नष्ट होण्याच्या धोक्यात आहेत, आणि मुख्य कारण बेसुमार मासेमारी हे आहे. बांगडा, तारली हजारांनी अंडी घालतात. मुशी मोजकी पिल्ले घालते, आणि मोठ्या जाती वयात यायला दहा-बारा वर्षे घेतात. एकदा खाणे सरले की भरून यायला पिढी जाते. बिमिनीला वीस वर्षे पिल्लांच्या आनुवंशिक खुणा नोंदवून २०१४ साली असे दाखविले गेले की, तिथे जन्मलेल्या लेमन शार्क माद्या चौदा ते सतरा वर्षांनी त्याच जागी पिल्ले घालायला परत आल्या. माहेरी बाळंतपणाला यावे तशा! ती खाडी बुजविली तर त्या कुठे जाणार?

आपल्या सरकारने २००१ साली व्हेल शार्क आणि त्यानंतर आणखी काही जातींना वन्यजीव कायद्याखाली संरक्षण दिले, २०१५ साली शार्कच्या परांची निर्यात बंद केली. कोणती जात पकडणे गुन्हा आहे हे होडीवाल्याला माहीत नसेल तर नुकसान त्याचेच. कायदा करणारा दिल्लीत बसतो, मासा बंदरावर उतरतो. किती उतरली, केवढी होती, पोटात पिल्ले होती काय, पूर्वीपेक्षा कमी दिसते काय, हे सांगू शकणारा माणूस बंदरावरच असतो. त्याचा मुलगा आपल्या शाळेत असतो. तो मुलगा बोलायला शिकला तर समाजाचे म्हणणे सरकारी टेबलापर्यंत पोचेल. नाही तर आपल्याविषयी दुसरेच बोलतील आणि आपण सही तेवढी करू.

पहिल्या वहीची सुरुवात वाचण्याच्या आज्ञेने झाली, हे आपण प्रत्येक जलशात ऐकतो. पण हजरत मूसा अलैहिस्सलाम यांची दुआ आपण तितकी आठवीत नाही. फिरऔनसमोर जाण्याची आज्ञा झाली तेव्हा त्यांनी जिभेची गाठ सुटावी आणि लोकांना आपले बोलणे समजावे अशी दुआ मागितली. शिवाय आपले बंधू हजरत हारून यांना सोबतीला मागितले, कारण त्यांची वाणी अधिक स्पष्ट होती. म्हणजे सत्य जवळ असणे पुरेसे नाही. ते समोरच्याला समजेल असे सांगता आले पाहिजे, आणि सांगणाऱ्याच्या शेजारी कुणीतरी उभे असले पाहिजे. मुलाची गाठ सोडविणे आपल्या हाती नसेल, पण त्याच्याशेजारी उभे राहणे तर आहे?

म्हणून संस्थेपुढे, आणि वाचकहो, तुमच्यापुढेही, मी एक साधी योजना ठेवतो. पुढच्या वर्षीच्या टेबलावर एक ढाल वाढवावी. इयत्ता सातवीपासून पुढच्या कुणाही विद्यार्थ्याने वर्षभर एखादी गोष्ट स्वतः पाहावी. बंदरावर कोणती मासळी कधी येते, आमराईत मोहर केव्हा धरतो आणि केव्हा गळतो, मोहल्ल्यातल्या विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात खारे होते, आजीला ठाऊक असलेल्या किती पाल्यांचा उपयोग होतो. त्यांची तारखेवार नोंद वहीत ठेवावी. मग दहा मिनिटे बोलावे आणि पाच मिनिटे प्रश्नांना उत्तरे द्यावीत. भाषा घरची चालेल. पाठ केलेले चालणार नाही. माहिती ज्याच्याकडून मिळाली त्याचे नाव घ्यावे, मग तो मामा असो की मासळी विकणारी बाई. ज्याला बोलण्याची भीती वाटते त्याने तक्ता करावा. परीक्षक तीन असावेत. एक शिक्षक, एक माजी विद्यार्थी आणि एक त्या धंद्यातला जाणकार, मग त्याला सही करता येवो वा न येवो. आणि खर्चासाठी आपणही समारंभाच्या संध्याकाळी लिलाव करू. कुणी घरचे हापूस द्यावेत, कुणी विणलेली टोपी, कुणी जुना कंदील. ज्यांच्यासाठी बोली लागते आहे ती मुले समोर बसलेली असू देत.

पालकांना माझी एक विनंती आहे. गुणपत्रिकेवर सही करण्यापूर्वी मुलाला विचारा, 'ह्या महिन्यात तू काय पाहिलेस?' आणि दहा मिनिटे मध्ये न बोलता ऐका. मुलगी बोलत असेल तर पंधरा मिनिटे ऐका, कारण तिला मध्येच थांबविण्याची आपल्याला सवय अधिक आहे. विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एवढेच सांगतो की, मास्तर चुकू शकतो. तो चुकला तर अदबीने उभे राहा, पुरावा घेऊन उभे राहा, आणि तो हसला तरी लगेच खाली बसू नका.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. मला खरे काय ते कळल्यावर मी एका सकाळी बंदरावर गेलो. तो जाळे झाडत होता. मी म्हणालो, "तू बरोबर होतास. मुशीच्या पिल्लाला नाळ असते. चूक माझी होती." मला वाटले होते, त्याला आनंद होईल. त्याने जाळ्यातून मान वर केली आणि शांतपणे म्हणाला, "ते मला माहीत होतं, सर."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मी उभाच राहिलो. थोड्या वेळाने त्यानेच विचारले, "सतरा नंबरचा फॉर्म भरून बसलो, तर पेपरात काय लिहू? तुमचं की माझं?"

मी म्हणालो, "तुझं लिही. खाली कारण लिही. आणि तपासणारा ऐकत नसेल तर मी येऊन सांगेन."

फॉर्म भरायला आम्ही दोघे गेलो. तो पास होईल की नाही हे अल्लाह जाणे आणि त्याचे कष्ट जाणोत. पण संस्थेने ती ढाल ठेवली, तर पहिल्या वर्षी परीक्षकांच्या तिसऱ्या खुर्चीवर बसायला मी एक जाणकार आताच सुचवून ठेवतो. मुशीवर कुणी बोलणार असेल तर त्याच्याइतका कडक परीक्षक आपल्याला मिळणार नाही.

अल्लाह आपल्या मुलांच्या जिभेची गाठ सोडवो, आणि आपल्या कानांचीही. आमीन.

खुदा हाफिज.